तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही बागायतदारांनी कृषी अधिकाऱ्याचा सत्कार का केला

मे महिन्याअखेर आमचे मंडळ कृषी अधिकारी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. निफाड तालुक्यातल्या आम्ही काही द्राक्षवाल्यांनी वर्गणी काढली, शाल-श्रीफळ दिलं, गावजेवण घातलं. तेव्हापासून पाहुणे विचारतात, व्यापारी विचारतात, मुलीच्या मैत्रिणीही विचारतात: पगार घेऊन नोकरी केली त्यांनी, त्यात एवढं काय? शिवाय निर्यातीचे प्लॉट अडवणारा माणूस तो, त्याचाच सत्कार?

होय, प्लॉट अडवायचे म्हणूनच केला. पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

2010 च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली. मालात क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं, ज्याला बागेत सगळे सीसीसी म्हणतात. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंड्याचा जोर आवरावा, काडीत घड धरावा, म्हणून ते मारायची सर्रास पद्धत होती. फवारणी उन्हाळ्यात, तोडणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. मधे एवढे महिने गेल्यावर मण्यात काय राहणार, असंच सगळे धरून चालले होते. वेलीने मात्र ते सोडलं नव्हतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत 50 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. नेहमीच्या पद्धतीत एका नमुन्यातून पुष्कळ औषधं एकदम तपासतात, त्यात हे पकडलं जात नाही; त्याची चाचणी वेगळी करावी लागते. त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे फेल गेला. त्या वर्षी आमच्या भागात कर्जाची नवी-जुनी करताना किती घरं रडली ते मी पाहिलंय.

नियम तेव्हाही होते. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने 2006 मध्येच ग्रेपनेट सुरू केलं होतं: निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी करायची, कृषी खात्याने बाग तपासायची, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ठरवलेल्या यादीतलीच औषधं वापरायची (ही यादी म्हणजे आमचं अनेक्श्चर फाईव्ह), आणि काढणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन नमुना घ्यायचा. पुढे सीसीसीचीही चाचणी त्यात आली. कागदावर साखळी पक्की. पण यातल्या बागेच्या तपासणीला काही अर्थ राहतो की नाही, हे तपासणाऱ्या माणसावर असतं. बांधावर गाडी उभी करून, चहा घेऊन सही करता येते.

साहेब बागेत शिरायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी फवारणीची वही घेऊन उभी होते. ते म्हणाले, "वही नंतर बघू वहिनी, आधी रिकाम्या बाटल्या कुठे टाकता ते दाखवा." विहिरीमागे खड्डा होता. तिथे उकिडवे बसून त्यांनी एकेक बाटली काडीने उलटी केली. लेबलावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा की हिरवा ते पाहिलं, घटकाचं नाव वाचलं, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची तो आकडा टिपून घेतला. मग वही मागितली आणि बाटल्यांशी ताडून पाहिली. एक बाटली वहीत नव्हती. माझ्या सासऱ्यांनी ती बांधावरच्या टोमॅटोला मारली होती. साहेबांनी फवारणीचा ब्लोअर कोणता वापरला, तो नंतर धुतला का, वारा कुठून होता, सगळं विचारलं. रागाचा शब्द नाही. जाताना मजूर बायांपाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, ज्या दिवशी फवारणी, त्या दिवशी विरळणीला बागेत जायचं नाही. मालकाने सांगितलं तरी नाही." मालकीण शेजारीच उभी होती. मला ते फार आवडलं. कारण द्राक्षात राहिलेल्या औषधाची चर्चा सगळे करतात. ते पहिल्यांदा कोणाच्या हातावर आणि नाकात जातं ते कोणी बोलत नाही.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला की खरी परीक्षा. पाणी उतरलेले मणी तडकायला लागतात, डावणी-करपा हे रोग डोकं वर काढतात, दुकानदार फोनवर म्हणतो "हे मारा, काही होत नाही." अशा एका रात्री आमच्या गल्लीतला एक तरुण साहेबांना फोन लावून रडकुंडीला आला होता. साहेब सकाळी सातला त्याच्या बागेत हजर. लेबल पुढे धरून म्हणाले, "काढणीला जेवढे दिवस उरलेत, त्यापेक्षा याची मुदत जास्त आहे. मारशील तर हा प्लॉट मी निर्यातीला सोडणार नाही." मग अर्धा दिवस थांबून, तडकलेले घड कुठले काढायचे, कॅनॉपी, म्हणजे पानांची दाटी, कुठे मोकळी करायची, यादीतलं काय चालेल, हे ओळीओळीने दाखवलं. नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. नाही म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होणार याची काळजी घेणारा विरळा.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम निर्यातीचं नव्हतंच. ते एक प्रश्न सारखा विचारायचे: फेल गेलेला प्लॉट कुठे जातो?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. लोकलला जातो. रॉटरडॅमला चालत नाही ते नाशिकला, इंदूरला, कोलकात्याला चालतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, अंमलात आला 5 ऑगस्ट 2011 ला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशक अन्नात असता कामा नये, असं तो स्पष्ट सांगतो. पण त्याच कायद्याचं कलम 18 असंही सांगतं की शेतकरी आणि शेतावरचं पीक यांना तो लागू नाही. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस बाजारात भेटेल, बांधावर नाही. लहान शेतकऱ्याला परवान्यांच्या फेऱ्यात अडकवू नये हा हेतू मला पटतो. पण मग लोकलच्या बागेत औषधाचा हिशोब विचारणारं उरतं कोण? नोंदणी नाही, वही नाही, प्रयोगशाळा नाही.

साहेबांना हे विचारायला कोणी सांगितलं नव्हतं. तरी निर्यातीचा प्लॉट तपासून झाला की ते शेजारच्या लोकलच्या बागेत वळायचे. अधिकार नव्हता, म्हणून अडवायचे नाहीत, बसून बोलायचे. "तुमचा नातू कुठली द्राक्षं खातो?" एवढंच विचारायचे. आमच्याकडे बरेचजण घरासाठी एक ओळ वेगळी ठेवतात, तिला शेवटचे औषध मारत नाहीत. ते सगळ्यांच्या मनाला लागायचं.

हळूहळू आमच्या गटातल्या काहींनी लोकलच्या बागेलाही तीच वही सुरू केली. काही नमुने पदरच्या पैशाने तपासून घेतले. व्यापारी त्यासाठी किलोमागे एक रुपया वाढवून देत नाही, आणि शहरातल्या गिऱ्हाईकाला त्याचा पत्ताही नसतो. मला याचं वाईट वाटतं, कारण निर्यातीत दर मिळतो म्हणून शिस्त टिकते; लोकलला ती फक्त माणसाच्या सांगण्यावर टिकलीय. आणि तो माणूस आता निवृत्त झालाय.

सत्काराला साहेबांच्या पत्नीही आल्या होत्या. हंगामात ते रविवारी घरी नसायचे, हे त्यांनी कौतुकाने नाही, जरा दुखऱ्या आवाजात सांगितलं. ते ऐकून आम्ही दोन भाषणं रद्द केली आणि उरलेला वेळ त्यांना बोलू दिलं. साहेब स्वतः थोडंच बोलले, तेही पुढच्या छाटणीवर.

त्यांच्या जागेवर अजून कोणी रुजू झालेलं नाही. फळांसाठीची गोडी छाटणी आली की लोकलच्या प्लॉटांच्या वह्या आम्ही एकमेकांच्या तपासायच्या ठरवल्यात. माझी वही शेजारच्या बापूंकडे जाईल आणि त्यांची माझ्याकडे येईल. बापूंना मी सांगून ठेवलंय, आधी बाटल्या बघणार.