अठ्ठेचाळीस बाटल्यांचे वजन

विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेल्या त्या जामीन अर्जाच्या कागदपत्रांत पंचनाम्यातील एक ओळ निर्णायक होती: कोडीन हा अमली घटक असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या ४८ बाटल्या, प्रत्येकी १०० मिलिलिटर. वेष्टनावरील छापील मजकुरानुसार ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम कोडीन फॉस्फेट होते. म्हणजे एका बाटलीत २०० मिलिग्रॅम आणि सगळ्या मिळून ९.६ ग्रॅम.

१९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालील अधिसूचनेत कोडीनचे अल्प प्रमाण १० ग्रॅम, तर व्यापारी प्रमाण १ किलो आहे. अल्प प्रमाणासाठी कलम २१ नुसार जास्तीत जास्त एक वर्षाचा कारावास होतो. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. निव्वळ कोडीन मोजले तर माझा अशील एका वर्षाच्या आत बसत होता, पण बाटलीतील सगळा द्रव मोजला तर तो ४.८ लिटर भरतो आणि दहा वर्षांची पायरी केव्हाच ओलांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मायकेल राज प्रकरणात शुद्ध अमली पदार्थाचेच वजन धरावे असे म्हटले होते; त्या खटल्यात चार किलोंच्या भुकटीत हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम होते. पुढे २००९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजण्याचे ठरवले आणि २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच उचलून धरले. हेरॉइनच्या बाबतीत मला हा निकाल पटतो, कारण बाजारात ते भेसळ करूनच विकले जाते आणि भेसळ करणाऱ्याने तिचाच फायदा मागावा, हे काही बरे नव्हे. परवानाधारक कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात बनलेल्या औषधाला मात्र हा तर्क कसा लागू होतो, हे मला अजून उमगलेले नाही.

सुनावणीपूर्वी न्यायालयाच्या कोठडीत मी हा हिशेब अशिलाला समजावून सांगितला. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे माल पोचवण्याचे काम करणारा तो तरुण थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे त्यातली साखर अन् पाणीपण माझ्याच नावावर का?" मी 'हो' म्हणाले.

विशेष न्यायाधीशांपुढे माझा भर १९८५ च्याच दुसऱ्या एका अधिसूचनेवर होता. इतर घटकांबरोबर मिसळलेले, प्रत्येक मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोडीन नसलेले, २.५ टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रता नसलेले आणि उपचारात रूढ झालेले औषध तिने अमली पदार्थांच्या यादीतून वगळले आहे. आमच्या बाटलीत हे प्रमाण ०.२ टक्के होते. सरकारी वकिलांनी तत्काळ आसाममधील खोकल्याच्या औषधाच्या प्रकरणातील २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. माल उपचारासाठीच चालला होता हे दाखवता न आल्याने तिथे ही सवलत नाकारली गेली होती. न्यायाधीशांनी मग मला एकच प्रश्न विचारला: "बिल कुठे आहे?"

बिल नव्हते. बिलाविना औषधविक्री हा गुन्हा असेल, तर त्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि विनापरवाना विक्रीला त्यात तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, असे मी सांगून पाहिले. परंतु व्यापारी प्रमाण म्हटले की एनडीपीएस कायद्याचे कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. अर्ज त्याच दुपारी फेटाळला गेला.

उच्च न्यायालयातील अर्जात मी घाऊक व्यापाऱ्याची साठा नोंदवही मागवण्याचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे. वजनाच्या प्रश्नावर तिथेही वाद घालण्यात अर्थ नाही. २०२० चा निकाल त्या न्यायालयालाही बंधनकारकच आहे.