सी कयाक लीडरची परीक्षा: माझा अनुभव

समुद्रात कयाकवाल्यांचा (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) गट घेऊन जायचा असेल, तर ब्रिटनमध्ये 'सी कयाक लीडर' हे प्रमाणपत्र घेतात. त्याची चौकट पॅडल यूके ही राष्ट्रीय संस्था ठरवते. मी मँचेस्टरला राहते, पण प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही वेल्समधल्या अँगलसी बेटावर झाली. वल्हं चांगलं मारता येणं ही त्यातली सगळ्यात सोपी अट.

पाण्यात उतरण्याआधीच बरंच काही हाताशी लागतं: प्रथमोपचाराचा कोर्स, केलेल्या सफरींची नोंदवही, सागरी नकाशा आणि भरती-ओहोटीच्या नियोजनाचा अभ्यास. हा शेवटचा भाग मला फार आवडला. भरतीचे सहा तास धरले, तर पाणी दर तासाला बारा भागांपैकी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं आणि प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अँगलसीजवळच्या मेनाई सामुद्रधुनीत तो आठ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो. आमच्या प्रमाणपत्राची मर्यादा दोन नॉट प्रवाह आणि चार बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) वाऱ्याची. त्यामुळे कुठे आणि किती वाजता जायचं नाही, हे आधी कागदावर मांडावं लागतं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच संध्याकाळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बेच्या दुर्घटनेवर सविस्तर बोलणं झालं. २२ मार्च १९९३. प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रेजिसहून चारमथला निघाले. अंतर जेमतेम दोन मैल. शिक्षकांची कयाक उलटत राहिली, म्हणून एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्या प्रशिक्षकाने आठही मुलांच्या कयाक एकमेकींना धरून ठेवायला लावल्या. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. तो तराफा आत आत ढकलला गेला, लाटा वाढल्या, कयाक पाण्याने भरल्या आणि मुलं मार्च महिन्यातल्या गार पाण्यात तासन् तास तरंगत राहिली. त्यांच्याजवळ फ्लेअर (मदतीचा इशारा देणारे पेटते दिवे) नव्हते, रेडिओ नव्हता. परतायची वेळ टळून काही तास गेल्यावर तटरक्षकांना कळवलं गेलं. चार मुलं दगावली.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते एका पत्राने. आदल्या वर्षीच, ही सफर नेणाऱ्या साहसी खेळांच्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेच्या त्रुटी केंद्रचालकांना लेखी कळवून काम सोडलं होतं. १९९४ मध्ये केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि कंपनीही मनुष्यवधाची दोषी ठरली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. १९९५ मध्ये कायदा झाला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन असे साहसी खेळ खेळवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. हे ऐकताना मला मुरूडची आठवण येत होती. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी तिथे बुडाले. किनारा कुठलाही असो, मुलांना पाण्याशी नेणाऱ्याने काय शिकलेलं असावं, हे दुर्घटनेच्या आधीच ठरायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचे दिवस पाण्यातले. उलटलेल्याची कयाक आपल्या कयाकवर आडवी ओढून पाणी काढणं, त्याला परत बसवणं, दमलेल्याला दोरीने ओढत नेणं. ओढायची दोरी कमरेच्या पट्ट्याला असते आणि ती एका झटक्यात सुटलीच पाहिजे. आधी कुणाला सांभाळायचं, याचा क्रम पाठ करून घेतात: आधी स्वतः, मग गट, मग पाण्यात पडलेला आणि सामान सगळ्यात शेवटी. पडलेल्याकडे धावताना बाकीचे वाऱ्याबरोबर कुठे चाललेत, हे बघायला मान वळवायची सवय लागेपर्यंत प्रशिक्षक पिच्छा सोडत नाहीत. गार पाण्याचा हिशेबही शिकवतात: पहिलं एक मिनिट श्वास सावरायला, साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात आणि शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. म्हणून ऊन कितीही असलं तरी कपडे पाण्याच्या तापमानाचे.

परीक्षेच्या सकाळी ट्रेआर्दर बेहून रोस्कोलिनकडे जायचं होतं. वारा ईशान्येचा, तीन ते चार बोफर्ट. त्या किनाऱ्याला ईशान्येचा वारा म्हणजे थेट समुद्राकडे ढकलणारा. काठाशी पाणी अगदी शांत दिसत होतं. वाऱ्याला लाटा उठवायला अंतर लागतं, म्हणून अशा दिवशी काठावरून खरं चित्र दिसत नाही. मी मार्ग बदलला. उपसागराचं तोंड सरळ ओलांडायचं नाही, खडकांच्या आडोशाने एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जायचं आणि वारा चारच्या वर गेला तर तिथूनच परत. निघण्याआधी किनाऱ्यावर थांबणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात कागद दिला: किती जण, कयाकचे रंग, कुठला मार्ग, परतायची वेळ आणि ती टळली तर कुणाचीही वाट न बघता ९९९ वर तटरक्षकांना फोन.

परीक्षकांनी वाटेत दोनदा प्रसंग उभा केला. एकदा दोघं एकदम उलटले, तेव्हा मी उरलेल्यांना आधी एका खडकाच्या आडोशाला पाठवलं आणि मग वळले. दुपारी निकाल सांगताना परीक्षक त्या बचावाबद्दल थोडंच बोलले. नकाशा उघडून मार्ग का बदलला, कागदावरची वेळ कशी काढली, हेच ते बराच वेळ विचारत होते.

प्रमाणपत्र मिळालं. प्रथमोपचाराचं मात्र दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं.