कोल्डफूट ते डेडहॉर्स : डाल्टन हायवेवरचा एक दिवस

कोल्डफूट या छोट्याशा थांब्यावर टाकी काठोकाठ भरल्याशिवाय पुढे सरकू नका. अलास्कातल्या या रस्त्यावर पुढचा पंप थेट उत्तर टोकाच्या डेडहॉर्सला, म्हणजे 240 मैलांवर (सुमारे 385 किमी). चिखलात गाडी जास्त पेट्रोल पिते आणि घाटात हवा बिघडली तर अर्ध्यातून मागे फिरावं लागतं, म्हणून 20 लिटरचा कॅन सोबत हवाच. सकाळी सातला निघालं की थांबत-थांबत संध्याकाळपर्यंत आरामात पोहोचता येतं. जूनमध्ये उत्तरेकडच्या टप्प्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधाराची घाई नसते. डोळ्यांवर झापड मात्र नकळत येते.

या रस्त्यावर खरा त्रास खडीचा. साध्या स्टेपनीवर भागत नाही. पूर्ण आकाराची दोन चाकं रिमसकट घ्या. निघण्याआधी चाकाचे नट हातपान्याने एकदा सैल करून परत आवळा. गॅरेजात मशीनने आवळलेले नट रस्त्यात हलत नाहीत, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. जॅकखाली ठेवायला जाड फळीही हवी, नाहीतर जॅक खडीत रुततो.

समोरून ट्रेलर आला की वेग अगदी कमी करून उजवीकडे सरका. दगड काचेवर किती जोरात आदळणार, हे दोन्ही गाड्यांच्या एकत्रित वेगावर ठरतं. दिवे दिवसाही चालू ठेवा. सीबी रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा बिनतारी संच) चॅनल 19 वर लावा, म्हणजे ट्रकवाले पुढचे अडथळे सांगतात. मदत मागताना मैलाच्या पाटीवरचा आकडा सांगा.

244 व्या मैलाला (हे मैल कोल्डफूटपासून नव्हे, रस्त्याच्या दक्षिण टोकापासून मोजतात) अटिगन पास हा घाट, उंची 4,739 फूट. दक्षिण उतारावरचं पाणी बेरिंग समुद्राला मिळतं, उत्तरेकडचं आर्क्टिकला. जुलैतही इथे बर्फ भुरभुरू शकतो. चढ-उतार खालच्या गिअरमध्येच करा, वळणावर फोटोसाठी थांबू नका. घाट उतरला की एकही झाड नाही, नुसता टुंड्रा. सोबतीला 48 इंच व्यासाची तेलवाहिनी असते. तिच्या खांबांवरची पंख्यासारखी पाती नीट बघा: ती जमिनीतली उष्णता बाहेर टाकतात, म्हणून खालची गोठलेली माती वितळत नाही आणि खांब खचत नाहीत.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा निसरडा राडा होतो, आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट. दर थांब्याला दिवे, मागची काच आणि नंबरप्लेट पुसा. परतल्यावर गाडी खालून धुवा.

वाटेत दुकान नाही. शाकाहाऱ्यांनी दशम्या, चटणी, सुका मेवा बांधून घ्यावा, पण अस्वलांमुळे खाणं तंबूत ठेवू नये. डासांसाठी डोक्यावरची जाळी हवी.

भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बहुतेकांत खडीच्या रस्त्याला मनाई असते. दक्षिणेकडच्या फेअरबँक्स शहरात या रस्त्यासाठी मुद्दाम गाड्या देणारे आहेत.

डेडहॉर्सपुढे तेलक्षेत्राचं फाटक लागतं, स्वतःची गाडी समुद्रापर्यंत नेता येत नाही. तिथल्या शटलसाठी ओळखपत्राच्या तपशिलासह किमान 24 तास आधी नोंदणी लागते. ती फेअरबँक्सहूनच करून निघा.