घोटा सैल, पण पुढून अडकलेला

कापसाच्या रानात ढेकळावरून पाय गेला, घोटा आत वळला, "पाय मुरगयना" म्हणून हळद-चुना लावला, आठवड्यात पुन्हा कामाला. पुढे वर्षभर सपाट रस्त्यावरही पाय दगा देतो. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, सैल झालंय, हे खरं. पण अशा बऱ्याच घोट्यांत टेलस, म्हणजे नडगीखालचं हाड, मागे सरकायला कुरकुरतं. मग पाऊल पूर्ण वर येत नाही.

आधी मोजा. भिंतीसमोर पाऊल सरळ ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे नेता येतो, ते सुताराच्या टेपनं बघा. दोन्ही पायांत दोन सेंटीमीटरचा फरक असेल तर हातानं सांधा सरकवण्यात अर्थ आहे. ताण कुठे लागतो तेही विचारा. पोटरीत असेल तर स्नायू आखडलाय; घोट्यापुढे चिमटल्यासारखं वाटलं तर सांधा.

पेशंट उताणा, टाच खाटेच्या काठाबाहेर. एका हातानं नडगीचा खालचा भाग धरायचा. दुसऱ्या हाताची अंगठा-तर्जनीमधली बेचकी घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही हाडांच्या लगेच खाली, टेलसवर. दाब थेट जमिनीकडे. सेकंदाला एक झोका, दोन मिनिटं, मिनिटभर विश्रांती, असे चार फेरे. अंगठ्याच्या टोकानं दाबलं की पुढची शीर रगडली जाते, पेशंट पाय आखडतो आणि सांधा हलतच नाही. नवशिक्यांचं इथेच बिनसतं.

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मुलिगन यांची पद्धत उभ्यानं. पाऊल स्टुलावर, बेल्ट नडगीच्या मागून, घोट्याच्या जरा वर, आत टॉवेलची घडी, आणि दुसरा फेर थेरपिस्टच्या कमरेला. बेल्ट नडगी पुढे ओढतो, हात टेलस मागे धरतो, पेशंट गुडघा पुढे नेतो. दहाचे दोन-तीन सेट. दुखता कामा नये. दुखलं तर हाताची दिशा किंचित बदला. बेल्ट घसरून टाचेवर आला तर टाचच पुढे ओढली जाते, सगळं उलटं. गुडघा पुढे जाईल तशी नडगी कलते, बेल्टही तिच्याशी काटकोनात राहायला हवा.

नंतर भिंतीसमोर टेपनं पुन्हा मोजा. एकाच बैठकीत सेंटीमीटरभर वाढ दिसू शकते, पण नुसती सोडली तर टिकत नाही. म्हणून लगेच एका पायावर तीस सेकंद, तीनदा. आधी डोळे उघडे, जमलं की मिटून. शिवाय रबरी पट्ट्यानं पाऊल बाहेर ढकलण्याचा व्यायाम. पाऊल आत पिरगाळून "कडक" आवाज काढणाऱ्याकडे जाऊ नका. जे आधीच सैल आहे तेच तो आणखी ताणतो.

पाय नुकताच मुरगळलाय, चार पावलंही टाकवत नाहीत किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखतं, तर आधी एक्स-रे. मधुमेहानं पावलं बधिर झालेल्यांना बेल्टचा काच कळत नाही, त्यांची कातडी दर फेऱ्यानंतर बघायची.