उभ्या इंजिनाचा आवाज

इंजिन उताणं पाडलं की त्याचा सगळा रुबाब उतरतो. दुमडलेल्या टॉवेलवर बारा चाकं वर करून पडलेलं ते डिझेल इंजिनाचं मॉडेल उलट्या कासवासारखं दिसतं आणि त्याच्यावर वाकून मी स्क्रू शोधत असतो. सहा सापडतात. सातवा कपलिंगच्या मागे दडून बसलेला असतो. तो राहून गेला आणि बॉडी ओढली, की आतून बारीकसा ‘कट्’ असा आवाज येतो. पुढचे दोन तास गोंद सुकण्याची वाट बघण्यात जातात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर इंजिनाला आवाज मिळावा म्हणून. आणि खरं सांगायचं तर चालत्या इंजिनाला नव्हे, उभ्या इंजिनाला.

स्टेशनात उभं असलेलं डिझेल इंजिन गप्प बसलेलं कुणी पाहिलंय? ते जागच्या जागी धडधडत असतं. मधेच कॉम्प्रेसर सुरू होतो, खडखड करतो, बंद पडतो. कुठलीतरी झडप उगाच फिस्स करते. गाडी सुटायला अजून वेळ असतो, पण निघण्याची तयारी कानांना कळत असते. मॉडेलमध्ये नेमकं हेच नसायचं. जुन्या डीसी पद्धतीत रुळांत जेवढं व्होल्टेज सोडावं तेवढं इंजिन पळतं आणि शून्यावर आणलं की थांबतं. म्हणजे थांबलेल्या इंजिनाला वीजच नाही. ते उभं नसतं, मेलेलं असतं. कितीही सुबक रंगवलेलं असो, थांबलं की खेळणं.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल या नव्या पद्धतीनं हे गणित उलटं केलं. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर अमेरिकेच्या एनएमआरए या रेल्वे-मॉडेलवाल्यांच्या संघटनेनं १९९० च्या दशकात याचं मानक बसवलं. यात रुळांत वीज कायम पूर्ण असते. फक्त तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. त्याच दोन रुळांतून जेवणही येतं आणि हुकूमही. इंजिनाच्या पोटातला डिकोडर ते हुकूम ऐकत बसतो, आपल्या नंबराचा असेल तेवढा पाळतो, बाकीचे सोडून देतो. आणि पोट भरलेलं असल्यामुळे उभ्या उभ्या आवाजही करू शकतो.

डिझेल इंजिनांना लोक दिसण्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखतात, असं माझं मत आहे. ब्रिटनच्या शौकिनांनी ठेवलेली टोपणनावंच बघा. तिथे इंजिनाच्या प्रत्येक जातीला ‘क्लास’ आणि एक नंबर असतो. क्लास ४० म्हणजे ‘व्हिसलर’, कारण त्याच्या टर्बोचार्जरची शीळ. क्लास २० म्हणजे ‘चॉपर’. क्लास ५० ला त्यांनी ‘हूवर’ म्हणजे चक्क व्हॅक्यूम क्लीनर म्हटलं, कारण हवा आत ओढणाऱ्या पंख्यांचा आवाज तसाच यायचा. पुढे दुरुस्तीत ती हवेची व्यवस्था बदलली, आवाज गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. आणि टॉवेलवर पडलेलं माझं हे क्लास ३७. याला म्हणतात ‘ट्रॅक्टर’. १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिनं बांधली गेली. खरं इंजिन पावणेएकोणीस मीटर लांब. ओ गेज या मोठ्या मॉडेल-मापाच्या ब्रिटिश प्रमाणात, म्हणजे १:४३.५ मध्ये, ते ४३ सेंटिमीटर होतं.

मोठ्या स्केलचं सुख म्हणजे जागा. एचओ या लहान मापाची मॉडेलं करणारे मित्र मोबाइलच्या स्पीकरएवढा चौकोनी तुकडा छपराच्या आत कसाबसा कोंबतात आणि वर मला हसतात. माझ्याकडे ५० मिलिमीटरचा गोल स्पीकर आडवा मावतो. पण जागेबरोबर भूकही वाढते. माझ्या इंजिनात दोन्ही बोगींत, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यांत, एकेक मोटर आहे. चाकं हातानं घट्ट धरून बारा व्होल्ट दिले की दोन्ही मिळून किती अँपिअर ओढतात ते आधी मोजावं लागतं. एचओचा डिकोडर साधारण एका अँपिअरचा असतो, मोठ्या इंजिनांसाठी तीन-चार अँपिअरचे मिळतात. चढावर गाडी अडली की छोट्या डिकोडरचं काय होतं, ते एकदा वास घेऊन कळलं की पुन्हा विसरत नाही.

मी मात्र तो वास चढावर घेतला नाही. माझा पहिला डिकोडर याच टेबलावर, इंजिन उभं असताना गेला. वायरींचे रंग तर पाठ होते: लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक. सोल्डरचे थेंबही छान चकचकीत बसले होते. पण ते इंजिन जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं, आणि त्याच्या मोटरचा एक ब्रश, म्हणजे तिच्यात वीज नेणारा तुकडा, थेट चासिसला टेकलेला होता. डीसीला त्याचं काही वाटत नाही, किंबहुना तसं करून एक वायर वाचते. डीसीसीला ते विष आहे. मोटरची दोन्ही टोकं फक्त डिकोडरकडेच गेली पाहिजेत, रुळाशी त्यांचा काडीचाही संबंध नको. मी वीज दिली आणि केबिनच्या खिडकीतून निळसर धुराची रेघ निघाली. क्षणभर, अगदी क्षणभर, ‘अरे वा, धूरसुद्धा!’ असंच मनात आलं.

तेव्हापासून मल्टिमीटर ‘बीप’वर लावून मोटरचं प्रत्येक टोक प्रत्येक चाकाशी तपासल्याशिवाय मी डिकोडरची पिशवी फोडत नाही. बीप वाजली नाही की बरं वाटतं. गप्प राहण्याचं कौतुक या छंदात एवढ्या एकाच जागी आहे.

स्पीकर ही वेगळीच जात. नुसता स्पीकर वायरीला जोडून हातात धरा, डास घोंघावल्यासारखा वाजेल. कारण पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि पुढची-मागची लाट काठावरून एकमेकींना भेटून मिटतात. मधे भिंत हवी. पाठीमागून बंद डबी बसवली की त्याच स्पीकरचा आवाज एकदम पुरुषी होतो. मी इंधनटाकीचीच डबी करतो. तोंड खाली, रुळांकडे. कडेच्या फटी पोस्टर चिकटवायच्या मऊ गोळ्यानं बुजवायच्या. केसाएवढी फट राहिली तरी ती फुरफुरते. दोन स्पीकर लावायचे तर दोघांची धन-ऋण टोकं जुळवून घ्यायची, नाहीतर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि सगळी घरघर हवेतच जिरते. आणि ओहम डिकोडरच्या कागदावर लिहिलेले असतील तेच पाळायचे. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार होतात, हे ज्याच्या डिकोडरला चार चालत नाहीत त्यानं आधी आठवावं.

आणखी एक. टाकीला भोकं पाडताना स्पीकर टेबलावर ठेवू नये. मी ठेवला. लोखंडाचा कीस चुंबकाकडे असा धावला, जशा मुंग्या गुळाकडे. नंतर घरघरीच्या प्रत्येक ठोक्याला आतून वाळू हलल्यासारखा आवाज येत राहिला. चिकटपट्टीनं टिपून टिपून कीस काढला, पण शेवटचे चार कण तिथेच आहेत. मी ते मान्य केलंय.

आता गंमत बघा. लांबी ४३.५ पटीनं लहान केली, रुंदी केली, दिवे केले, ड्रायव्हर केला. आवाज मात्र लहान करता येत नाही. बारा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४५ स्फोट होतात. पंचेचाळीस हर्ट्‌झ, म्हणजे कानापेक्षा पोटाला जास्त कळणारा आवाज. हाही प्रमाणात आणायचा म्हटलं तर ४५ गुणिले ४३.५, साधारण दोन हजार हर्ट्‌झ. ती धडधड नाही, किंकाळी झाली. म्हणून सगळं छोटं करून आवाज तेवढा खराच ठेवावा लागतो. आणि तो काढायचा कशातून, तर दोन इंची पडद्यातून, ज्याला ४५ हर्ट्‌झ हलवणं सात जन्मांत जमणार नाही.

तरी ती घरघर ऐकू येते! याचं श्रेय स्पीकरला नाही, आपल्या मेंदूला. स्पीकर मूळ स्वर गिळतो, पण त्याच्या पटीतले वरचे स्वर, १८०, २२५, २७०, बऱ्यापैकी वाजवतो. त्यांच्यातलं अंतर ४५ चं आहे हे ओळखून मेंदू तळातला गायब स्वर स्वतःच भरून टाकतो. म्हणजे माझ्या इंजिनातला सर्वांत भारदस्त आवाज इंजिनात नाहीच, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. म्हणूनच शीळ घालणारी इंजिनं छोट्या स्पीकरवर हमखास जमतात आणि धपधप करणारी हटकून फसतात. नवशिक्यानं व्हिसलरपासून सुरुवात करावी. मी ट्रॅक्टरपासून केली, कारण मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

जोडणी झाली की इंजिन आधी प्रोग्रॅमिंगच्या रुळावर. तिथे वीज मोजूनमापून येते, त्यामुळे काही चुकलं असेल तर डिकोडर जिवंत परत येतो. या टप्प्यातली एक गोष्ट मला फार आवडते. डिकोडरला आपण त्याच्या एखाद्या सीव्हीचा आकडा विचारतो. सीव्ही म्हणजे त्याच्या आठवणीतले कप्पे: एकमध्ये नंबर, तीनमध्ये वेग किती सावकाश वाढवायचा ते, चारमध्ये किती सावकाश उतरवायचा ते. आता उत्तर द्यायला त्याच्याकडे तोंड कुठे आहे? म्हणून तो होकार असेल तेव्हा मोटरला क्षणभर, जेमतेम सहा मिलिसेकंद, वीज देतो. विजेचा तो छोटासा हिसका कंट्रोलरला कळतो. आणि आपल्याला दिसतं ते एवढंच, की इंजिन जागच्या जागी किंचित दचकतं. गोष्ट ऐकणाऱ्या पोरानं ‘हं’ म्हणावं, तसं. आठ आहे का? हं. सोळा आहे का? गप्प. हुंकार येत असेल तर गोष्ट पुढे न्यायची. नाही आला तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुन्हा उताणं पाडायचं.

नवा डिकोडर येतो तो ३ नंबर घेऊनच. एकदा तो न बदलता मी इंजिन मोठ्या रुळावर ठेवलं, तिथे आधीचं असंच एक आळशीपणे तिनावर राहिलेलं होतं. मी एकाचा हॉर्न वाजवला, दोघंही ओरडली. मग दोघंही एकमेकांच्या दिशेनं निघाली.

आता चालवण्याचं. वाफेच्या इंजिनात फुसफुस चाकाला बांधलेली असते, दोन सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्याला चार. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यात दांडा नाही, फक्त जनरेटर आणि वायरी आहेत. त्यामुळे आवाज आधी चढतो, गाडी नंतर हलते. आणि उतारावर इंजिन नुसतं गुरगुरत असतं, गाडी मात्र वेगात असते. हे नीट बसवायला सीव्ही तीन आणि चारमध्ये मोठे आकडे भरावे लागतात. भरले की हातातला नॉब ही एक विनंती उरते. तुम्ही फिरवता, आतून धडधड वाढते, टर्बो वर चढतो, बघणारा विचारतो, ‘बिघडलं का?’, आणि मग कुठे चाकं हलतात. थांबवायचं तर दोन हात आधीपासून विचार करायचा. मी अजूनही कधीकधी रुळाच्या टोकाच्या बफरवर जाऊन आपटतो. खरे ड्रायव्हर यासाठी पगार घेतात.

तक्रारी आहेतच. कारखान्यातून आवाजाची पातळी अशी येते की जणू अख्खं यार्ड घरात शिरलंय. मी ती निम्म्याच्याही खाली आणतो, तरी शेजारच्या खोलीतून दार लावल्याचा आवाज येतो. दुसरं, ही घरघर म्हणजे खऱ्या इंजिनाच्या रेकॉर्डिंगचा काही सेकंदांचा तुकडा, पुन:पुन्हा जोडलेला. माझ्या फाइलमध्ये त्या तुकड्याच्या शेवटी बारीकसा ‘टक्’ आहे. महिनाभर मला तो ऐकू आला नव्हता. एका पाहुण्यानं कौतुक करता करता सहज दाखवून दिला. तेव्हापासून मला घरघर ऐकूच येत नाही, फक्त टक् ऐकू येतो.

काल रात्री या क्लास ३७ ची बॉडी पुन्हा बसवून, सातही स्क्रू लावून, रुळावर ठेवलं. सुरू केलं. थंड इंजिन उठताना खोकतं तसं खोकलं आणि घरघरीला लागलं. पाच मिनिटं मी त्याला हलवलंच नाही. मग जाणवलं की पुढच्या केबिनमधून एक बारीक कंप येतोय, जो फाइलमधला नाही. बॅटरी लावून पाहिलं. ड्रायव्हरच्या बाहुलीचा गोंद सुटला होता आणि तो आपल्या खुर्चीवर घरघरीच्या तालात थरथरत होता, हात ब्रेकवर तसाच.

उघडायला हवं होतं. टॉवेल जवळच होता. मी बॅटरी बंद केली आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघत बसलो.