जादूची कादंबरी अर्ध्यावर का सुटते?

"एवढ्या हौसेनं घेतलेलं जादूचं पुस्तक पोरीनं दीडशे पानांवर ठेवून दिलं. हल्लीच्या मुलांना वाचायचा कंटाळाच, नाही का?" सुट्ट्या लागल्या की नाशिकच्या आईबाबांचा हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दोष बहुतेक वेळा पोरीचा नसतो. चौदा-पंधरा वर्षांचा वाचक फार कडक असतो. लेखकानं स्वतःचाच नियम मोडला की त्याला ते बरोबर खटकतं, फक्त "बोअर झालं" यापलीकडे सांगता येत नाही.

या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला आहे. घरात एकटी पडलेली मुलगी, माळ्यावरचा आरसा, आरशापलीकडे दुसरं जग, एक भविष्यवाणी आणि अर्थातच ती मुलगीच 'निवडलेली'. साचा वाईट नाही, घोळ आरशाचा होतो. चाळिसाव्या पानावर तो फक्त पौर्णिमेला उघडतो. दोनशेव्या पानावर नायिका अडकली की अमावस्येलाही उघडतो. दार केव्हाही उघडणार असेल तर आत अडकायची भीती कसली?

दार कसं असावं ते नाशिककरांना खरं तर सांगायला नको. जुन्या गावातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे दगडी हौद, आठवा. वर्षभर रस्त्याखाली बंद, वरून गाड्या जातात, नवख्याला पत्ताही नसतो. रंगपंचमीला उघडायच्या, आधी पूजा, मग उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि तो अंगावरून सहजी जात नाही. म्हणजे दिवस ठरलेला, रीत ठरलेली, आणि जाऊन आल्याची खूण अंगावर राहते. फसलेल्या कादंबरीतली नायिका मात्र तीन जगं फिरून येते आणि तिच्या चपलेलाही माती लागलेली नसते.

काळाचं गणित तर बहुतेक ठिकाणी चुकतंच. समजा, इथला एक तास म्हणजे तिथला एक दिवस, असं लेखकानं सांगितलं. नायिका शाळेच्या मधल्या सुट्टीत साडेदहाला आरशात शिरते आणि तिथं तीन आठवडे तलवार शिकते. तिथले 21 दिवस म्हणजे इथले 21 तास. ती परत यायला हवी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, आणि तोवर घरच्यांनी पोलीस चौकी गाठलेली असणार. पुस्तकात काय होतं? घंटा वाजते आणि बाईसाहेब वर्गात जाऊन बसतात. असा हिशेब मुलं बोटांवर करतात, हे लेखकाला आणि संपादकाला कोण सांगणार!

दुसरा हिशेब पानांचा. 380 पानं आणि पाच जगं. पहिली 50 घर-शाळेत गेली, शेवटची 60 लढाईत. उरली 270, म्हणजे एका जगाला 54, आणि त्यातली निम्मी पाठलागात. सत्तावीस पानांत जग उभं राहत नाही, त्याची पाटी तेवढी लागते: हे बर्फाचं, ते आगीचं, पलीकडचं सावल्यांचं. बर्फाच्या जगात चुलीला सरपण कुठून येतं? दुकानदार पैसे कशाचे घेतो? एवढ्या दोन गोष्टी नीट आल्या तरी ते जग खरं वाटायला लागतं.

जादूला मोजमाप हवं, ही तिसरी गोष्ट. गोदावरीला पूर आला की आपण आकडे नंतर बघतो, आधी नदीपात्रातल्या मूर्तीचं विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, यातला फरक पोरासोरांनाही कळतो. कादंबरीतल्या जादूला असा मारुती लागतो. मंत्र म्हटल्यावर किती दमायला होतं, काय गमवावं लागतं, कुठल्या खुणेनंतर थांबायलाच हवं, हे ठाऊक असेल तर शेवटच्या लढाईत छाती धडधडते. नाहीतर नायिकेच्या हातातून अचानक निळा प्रकाश निघतो आणि खलनायक विरघळतो. तोवर वाचणारी पेंगलेली असते.

अनुवाद असेल तर आणखी एक दुखणं. "तिनं तो श्वास सोडला, जो तिनं रोखून धरलाय हे तिला माहीतच नव्हतं." असं वाक्य मराठी पोरीच्या कानाला कुठल्या जगातलं वाटणार?

पुस्तक घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटं द्या. मागचा मजकूर वाचू नका, तिथं सगळीच पुस्तकं थरारक असतात. नायिका पलीकडे कुठल्या पानावर जाते ते शोधा; पाचव्या हिश्श्याच्या आत गेली तर बरं. मधलं एखादं पान उघडून नवी नावं मोजा. एका पानावर सहा-सात राजे, नद्या आणि टोळ्या असतील तर ठेवून द्या. संवादांतली नावं बोटानं झाका. कोण बोलतंय ते ओळखू येतं का? नकाशा असेल तर त्यातली दोन-तीन गावं आत सापडतात का, तेही चाळून बघा. आणि तीन भागांचा संच सवलतीत मिळतोय म्हणून उचलू नका. पहिला भाग वाचनालयातून आणा. तो नुसती दुसऱ्या भागाची प्रस्तावना निघाला तर निदान पैसे वाचतील.

घरात पडलेल्या पुस्तकाचं म्हणाल, तर पोरीला ते पुरं करायला लावू नका. नेमकं कुठल्या पानावर सोडलं तेवढं विचारा, आणि त्याच्या आधीची दहा पानं स्वतः वाचा. आरसा बहुधा तिथंच कुठंतरी नको तेव्हा उघडलेला असतो.