तमलुकला पोचलेला बर्गी

बंगालमधलं तमलूक बघायला म्हणून कोणी जात नाही. लोक दिघ्याच्या समुद्रावर निघालेले असतात आणि वाटेत हे स्टेशन लागतं, तेवढंच. मी गेलो तो नावापायी. जुनं नाव ताम्रलिप्ती, म्हणजे तांब्याने लिंपलेली. एखाद्या गावाला असं नाव असावं आणि आपण ते नुसतं पुस्तकात वाचून सोडून द्यावं, हे मनाला पटेना.

नागपूरहून गीतांजलीने निघालं की खडगपूरच्या आधी घाटशिला लागतं. त्या भागातल्या डोंगरांत तांब्याच्या खाणी आहेत. तिथलं तांबं या बंदरात येऊन जहाजांवर चढायचं, म्हणून हे नाव पडलं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पालीत ते तामलित्ती झालं आणि झिजत झिजत आजचं तमलूक. महावंस या श्रीलंकेच्या पाली ग्रंथात अशोक राजा तिकडे निघालेल्या बोधिवृक्षाच्या फांदीला निरोप द्यायला इथपर्यंत आल्याची कथा आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान इथे दोन वर्षं राहिला. सूत्रं उतरवून घेतली, मूर्तींची चित्रं काढली आणि व्यापारी जहाजात बसून चौदा दिवसांत सिंहलद्वीप गाठलं.

मला मेचेदा स्टेशनापासून बसने तमलूक गाठताना फाहियानचा हेवा वाटला. बसमध्ये माणसांपेक्षा विड्याच्या पानांच्या टोपल्या जास्त. त्यातली एक, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मला न विचारता माझ्या मांडीवर ठेवण्यात आली. उतरलो तेव्हा पँट भिजलेली आणि मी उगाच चिडलेलो.

आणि बंदर? बंदर नाहीच. रूपनारायणाच्या काठावर (बंगालीत तो नदी नाही, नद आहे) जाऊन उभा राहिलो. समोर रुंद, मातकट पाणी, दोन होड्या आणि घोट्याच्या वर चढेल एवढा चिखल. त्रिभुज प्रदेशातल्या नद्या एकीकडे जमीन घडवतात आणि दुसरीकडे बंदरं बुजवतात. आठव्या शतकानंतर ताम्रलिप्तीचे उल्लेख विरत जातात. 1954-55 मध्ये पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं ते आपल्या म. न. देशपांड्यांच्या हाताखाली. पण इथे सापडलेली सगळ्यात देखणी मातीची यक्षी आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. म्हणजे तमलूकचं वैभव बघायचं तर तमलुकला येऊ नये, असा प्रकार.

गावात पुतळा मातंगिनी हाजरांचा. सत्तरी ओलांडलेली ही बाई 29 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन मोर्च्याच्या पुढे चालली आणि गोळ्या लागूनही झेंडा सोडला नाही. त्याच डिसेंबरात इथे ताम्रलिप्त जातीय (बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय) सरकार उभं राहिलं. साताऱ्याचं प्रतिसरकार मला तोंडपाठ, आणि त्याचं हे बंगाली भावंड मला चाळिशीनंतर कळावं, याची लाज वाटली.

त्याहून जास्त लाज पुढे वाट बघत होती. देवी वर्गभीमा. बंगाली उच्चार बर्गभीमा; पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच माझ्या कानात काहीतरी खटकलं होतं. उंच जोत्यावर देऊळ, चढायला पायऱ्या. हे एक्कावन्न शक्तिपीठांपैकी एक. नैवेद्यात शोल मासा असतो, म्हणजे आपली मरळ. पायऱ्यांपाशी जास्वंदीचे हार विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत होते, मीही म्हणालो. त्यांनी विचारलं, कुठून? नागपूर म्हटल्यावर काही कळलं नाही. शेजारच्या टोटोवाल्याने (टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा) समजावून सांगितलं, महाराष्ट्र.

"ओ मा! बर्गी!"

आणि मनापासून हसल्या. आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा नसलेला, सरकारी घोड्यावरचा स्वार. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं आमच्याच नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा चौथाई वसूल करायला बंगालवर येत राहिल्या. गावं जाळली, धान्य लुटलं, माणसं कलकत्त्याकडे पळाली. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने वर्षाला बारा लाख कबूल केले तेव्हा कुठे थांबलं. आमच्याकडे हा मर्दुमकीचा इतिहास. इथे अजून बाळाला झोपवताना बर्गी आले म्हणून अंगाईत सांगतात. आपल्याकडे पोरांना बागुलबुवा येतो, त्यांच्याकडे आपण येतो. हे मी वाचलेलं होतं, पण तोंडावर ऐकणं निराळं. मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो, अडीचशे वर्षं होऊन गेली वगैरे.

माशीमांनी हात झटकला. टोटोवाल्याच्या हिंदीतून त्यांनी गोष्ट सांगितली. रूपनारायण खवळून देवळापर्यंत यायचा आणि आईच्या पायाशी आला की गप्प व्हायचा. बर्गीही तसेच. सगळा मुलूख लुटत आले, पण आईला बघून तमलूकला हात लावला नाही. उलट दागदागिने वाहून गेले. सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. आईच्या दरबारात कोणाकोणाला वाकावं लागलं याची यादी होती, आणि तिच्यात नदीच्या खालोखाल आम्ही होतो.

मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाल्या, "ते तरी काही घेऊन आले होते. तू काय आणलंस?"

दोन हार आणि पेढे घेतले. पंचाहत्तर रुपये झाले. मी शंभराची नोट दिली. माशीमांनी ती कपाळाला लावली, पदराच्या गाठीत बांधली आणि सुटे नाहीत म्हणून सांगितलं. समोरच्या डब्यात दहाच्या नोटा मला दिसत होत्या. मी काही बोललो नाही. पंचवीस रुपये, शंभराची बरोबर चौथाई.